दोन फळ्यांवरचे राज्य

लंडनला जाऊन आलेल्या माणसाला आपली मंडळी ठरावीक प्रश्न विचारतात. राजवाडा पाहिलात का? कोहिनूर पाहिलात का? मेणाच्या पुतळ्यांना खेटून फोटो काढलात का? या सर्व प्रश्नांना माझ्यापाशी होकारार्थी उत्तरे आहेत आणि पुराव्यादाखल फोटोही आहेत. पण त्या एवढ्या मोठ्या शहरातली कोणती वस्तू मनात घर करून राहिली, असे कुणी विचारले तर मी दोन लाकडी फळ्यांचे नाव घेईन. एकेक फळी सुमारे ५३ सेंटिमीटर उंच आणि ३७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेल्या दिनदर्शिकेएवढी. दोन्ही फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या आहेत. पुस्तकासारख्या त्या उघडतात, पुस्तकासारख्या मिटतात. मिटल्या की काखेत मारून घेऊन जाता येईल एवढाच तो ऐवज. त्याचे नाव 'विल्टन डिप्टिक'. डिप्टिक म्हणजे दोन पाखांचे चित्र.

पुतणी तिकडे नोकरीला असल्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयतांनी हा प्रवास केला. ट्रॅफल्गार चौकात 'नॅशनल गॅलरी' नावाचे प्रचंड चित्रसंग्रहालय आहे. पायऱ्या चढण्यापूर्वीच पुतणीने सांगून टाकले, "काका, इथे तिकीट नाही. कितीही वेळ बघा." पौंडाचे रुपये करून करून दमलेल्या प्राध्यापकाच्या कानाला हे शब्द सनईसारखे वाटले. बहुतेक लोक इथे व्हॅन गॉगची सूर्यफुले पाहायला येतात आणि तीही पाहावीतच. पण १९९१ साली उघडलेला 'सेन्सबरी विंग' नावाचा एक भाग आहे. युरोपातली जुन्यांत जुनी चित्रे तिकडे आहेत. तिथे काचेच्या पेटीत ही दोन पाखे उघडून उभी केली आहेत. पेटीभोवती फिरता येते, कारण चित्र फळ्यांच्या आतल्या अंगाला आहे तसेच बाहेरच्या अंगालाही आहे.

प्रथम आतली बाजू पाहू. डाव्या पाखावर एक तरुण राजा गुडघे टेकून बसला आहे. दाढीमिशी फुटलेली नाही, चेहरा कोवळा, केस पिंगट. अंगात लाल आणि सोनेरी झगा. हा इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड. शेक्सपिअरने ज्याच्यावर नाटक लिहिले तोच. त्याच्या मागे तीन संत उभे आहेत. पैकी दोघे स्वतःच राजे होते. एकाच्या हातात बाण आहे. हा संत एडमंड, याला ८६९ साली डेन लोकांनी बाणांनी मारले असे सांगतात. दुसऱ्याच्या हातात अंगठी. हा संत एडवर्ड. दारी आलेल्या याचकाला देण्यासारखे दुसरे काही जवळ नव्हते म्हणून त्याने बोटातली अंगठी काढून दिली आणि तो याचक म्हणजे वेष पालटलेला संत निघाला, अशी त्याची आख्यायिका. आपल्या पुराणांत वाढलेल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. तिसरा बाप्तिस्मा करणारा संत योहान. अनवाणी, कातडे पांघरलेला, कडेवर कोकरू. त्याचा एक हात राजाच्या पाठीशी आहे. 'जा, पुढे हो' असे लेकराला सांगावे तसा.

उजव्या पाखावर स्वर्ग आहे. राजाच्या गुडघ्यांखालची जमीन उजाड, खडकाळ. इकडे मात्र फुलांनी भरलेली हिरवळ. मध्यभागी निळ्या वस्त्रातली मेरी आणि तिच्या कडेवर सोनेरी कापडात गुंडाळलेला बाळ येशू. त्याच्या इवल्या पावलाला तिने बोटांनी आधार दिला आहे. भोवती ११ देवदूत, सगळे निळ्या वस्त्रांत, डोक्यांवर गुलाबांच्या माळा, पाठीमागे उंच उभारलेले पंख. आणि ते काही शिस्तीने रांगेत उभे नाहीत. कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे, कुणी शेजाऱ्याकडे वळले आहे. लग्नघरातल्या मुलींनी दाराशी गर्दी करावी तशी त्यांची लगबग आहे.

इथवर सारे एखाद्या भक्तिचित्रासारखेच. पण जरा वाकून पाहिले की एक गंमत दिसते. प्रत्येक देवदूताच्या छातीवर एक बिल्ला आहे. त्या बिल्ल्यावर पांढरा हरिण! हा हरिण म्हणजे रिचर्डचे खाजगी चिन्ह. त्याच्या पदरी असलेली माणसे हा बिल्ला लावून हिंडत. आजही इंग्लंडात 'व्हाइट हार्ट' नावाच्या पाट्या लावलेली पुष्कळ मद्यगृहे दिसतात, ती याच हरणाची आठवण. तेव्हा या चित्रात काय घडले आहे पाहा. देवाच्या दरबारातल्या सेवकांना राजाने आपला बिल्ला लावून टाकला आहे. निवडणुकीत आपल्या चौकाचौकांतून बिल्लेवाली पोरे उभी असतात, त्यांची मला आठवण झाली आणि हसू आले. माणसे देवापुढे गुडघे टेकतात ते खरे, पण टेकता टेकता देवालाही आपल्या पक्षात ओढून घेतात.

रिचर्डचा जन्म ६ जानेवारी १३६७चा. ख्रिस्ती पंचांगात हा दिवस मोठा सण. पूर्वेकडच्या तीन राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतले तो हा दिवस. चित्रातले तीन राजे, म्हणजे दोन संत आणि रिचर्ड स्वतः, ही त्याचीच आठवण आहे असे जाणकार सांगतात. १३७७ साली, अवघ्या दहाव्या वर्षी, तो गादीवर बसला. अकरा देवदूत का, याचे उत्तरही काही अभ्यासक तिथेच शोधतात. त्या वेळी त्याला अकरावे वर्ष लागले होते. पण चित्र काढले तेव्हा तो पोरसवदा नव्हता, जवळजवळ तिशीचा होता. त्याच्या आणि देवदूतांच्या गळ्यांत शेंगांच्या आकाराची माळ आहे. ब्रूम नावाच्या झुडपाच्या या शेंगा म्हणजे फ्रान्सच्या राजाचे चिन्ह. पहिली राणी अ‍ॅन १३९४ साली वारली. मग फ्रान्सशी तह व्हावा म्हणून १३९६ मध्ये रिचर्डने तिथल्या राजकन्येशी लग्न केले. नवरी सात वर्षांचीही पुरी झाली नव्हती! या शेंगांवरून आणि बाहेरच्या बाजूला रंगवलेल्या राजचिन्हांवरून चित्राचा काळ ठरतो तो १३९५ ते १३९९ असा. कोवळा चेहरा हवा होता तो राजाला, चित्रकाराच्या डोळ्यांना नव्हे.

त्या चित्रकाराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. तो इंग्रज होता की फ्रेंच, यावरही एकमत नाही. आपल्यापुढे आहे ते त्याचे काम, आणि ते काम नाकाला नाक लावून पाहण्याजोगे आहे.

बाल्टिक समुद्राकाठच्या अरण्यांतून आणलेल्या ओकच्या फळ्या, त्यांवर खडू आणि सरस यांचा पांढराशुभ्र लेप. जिथे सोने यायचे तिथे तांबूस मातीचा हात. मग सोन्याचा वर्ख. आपल्याकडे मिठाईवर चांदीचा वर्ख लावतात, तो पंख्याच्या वाऱ्याने कसा उडतो हे दिवाळीत प्रत्येक घराने पाहिलेले असते. तसलाच पातळ सोन्याचा पत्रा श्वास रोखून बसवायचा आणि गुळगुळीत दगडाने किंवा जनावराच्या दाताने घोटायचा. इटलीतल्या चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने त्याच सुमाराच्या आपल्या पुस्तकात यासाठी कुत्र्याच्या दाताची शिफारस केली आहे. घोटून सोने आरशासारखे झाले की बोथट अणीने त्यावर हजारो टिंबे टोचायची. टोचलेल्या प्रत्येक खळीत प्रकाश वेगळा अडकतो. मेणबत्तीची ज्योत हलली की सारे सोने जिवंत होते. विजेच्या दिव्याखालीसुद्धा आपण डोके हलवावे तसतसे ते लुकलुकते.

राजाच्या झग्याची कृती तर आणखी चिवट. आधी सगळीकडे सोने. त्यावर हिंगुळाचा लाल रंग. तो पुरता कडक होण्याआधी नक्षी धरून खरवडायचा, म्हणजे खालून सोन्याचे हरिण उमटतात. मग त्या सोन्याला पुन्हा टिंबे. जरीच्या कापडाचा भास निर्माण करण्यासाठी जरीकामाहून अधिक मेहनत! छातीवरच्या बिल्ल्यातल्या हरणाच्या शिंगांवर मोती आहेत. ते मोती म्हणजे सफेद्याचे बारीक उठावदार थेंब. बोट फिरवता आले असते तर ते हाताला लागले असते.

रंग कालवले आहेत अंड्याच्या बलकात. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी पेटीपासून एक पाऊल मागे घेतले, कारण आमच्या घरात अंडे वर्ज्य. पण या बलकाची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. तो चटकन वाळतो. तेलरंगासारखा एका रंगात दुसरा रंग मिसळत बसता येत नाही. म्हणून छाया-प्रकाश दाखवायचा तर केसासारख्या रेघा आणि ठिपके शेजारी शेजारी मांडत जावे लागते. चेहऱ्यांखाली आधी हिरवट मातीचा थर आणि त्यावर गुलाबी छटा, म्हणजे कातडीखालून रक्त वाहते आहे असे वाटते. चेन्निनीने तर अंड्यांतही भेद केला आहे. तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्यावा, तो फिका असतो. म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना खेड्यातल्या कोंबडीचा. स्वर्ग रंगवायचा तर इतक्या ऐहिक गोष्टी सांभाळाव्या लागतात!

आणि तो निळा रंग! मेरी आणि अकरा देवदूत मिळून जे निळे तळे झाले आहे, ते लाजवर्दाच्या दगडाचे आहे. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरांत सापडतो. तिथून जनावरांच्या पाठीवरून, मग जहाजांतून तो युरोपात पोचे. म्हणून त्या रंगाचे तिकडचे नावच 'समुद्रापलीकडचा' अशा अर्थाचे आहे. दगड कुटून, मेण आणि राळेच्या गोळ्यात मळून, क्षाराच्या पाण्यात पुनःपुन्हा दाबून निळा कण वेगळा काढावा लागे. किंमत सोन्याच्या तोडीची. हे सारे पुतणीला सांगताना मला अजिंठा आठवला. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकात जो निळा वापरला, तोही लाजवर्दाचाच. लंडनमधल्या त्या परक्या देवदूतांच्या अंगावरचे वस्त्र मला एकाएकी घरच्या ओळखीचे वाटले.

पण या चित्रकाराची खरी थोरवी सोन्यात नाही, निळ्यातही नाही. ती आहे सहसा न दिसणाऱ्या गोष्टींत. बाळ येशूच्या डोक्यामागचे तेजोवलय समोरून पाहिले तर नुसते सोन्याचे. प्रकाश तिरका पडला की त्यात टोचलेली आकृती दिसू लागते. काट्यांचा मुकुट आणि तीन खिळे! आईच्या कडेवरच्या त्या गुबगुबीत बाळाचे मरण त्याच्या डोक्यामागे आधीच लिहून ठेवले आहे. आईच्या बोटांनी धरलेले ते पाऊल मग वेगळेच दिसू लागते. खिळा तिथेच बसणार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून नवलाची. देवदूतांपैकी एकाने पांढऱ्यावर लाल क्रूस असलेले निशाण धरले आहे. त्या काठीच्या टोकाला जेमतेम सेंटिमीटरभर रुंदीचा एक गोळा आहे. शतकानुशतके लोकांना तो नुसता गोळाच वाटला. १९९२च्या सुमारास चित्र साफ करताना तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्या गोळ्यात एक अख्खे बेट निघाले! हिरवी जमीन, झाडे, काळ्या खिडक्यांचा पांढरा किल्ला, भोवती समुद्र आणि समुद्रात शिडे उभारलेली होडी. समुद्रासाठी चांदीचा वर्ख लावला होता, तो आता काळवंडला आहे. तांदळाच्या दाण्यावर अक्षरे लिहिणारे कारागीर आपण जत्रेत पाहतो. पण ते दाखवण्यासाठी लिहितात, भिंग देतात. या माणसाने जे काढले ते त्याच्या धन्यालाही नीट दिसले असेल की नाही कोण जाणे.

ते बेट म्हणजे इंग्लंड, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आणि तो मानला की सगळ्या चित्राचा अर्थच बदलतो. इंग्लंड ही मेरीची मालमत्ता आहे, अशी त्या काळी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. आता राजाच्या हातांकडे पाहा. ते प्रार्थनेला जोडलेले नाहीत. तळवे सुटे, बोटे उघडी. त्याने नुकतेच काही दिले आहे, किंवा त्याला आता काही मिळणार आहे. समोर बाळाने हात पुढे केला आहे आणि मध्ये निशाण. राज्य देवाला अर्पण केले आणि देवाने ते सांभाळण्यासाठी परत दिले, असा हा व्यवहार आहे. आपल्या रामायणातला भरत सिंहासनावर पादुका ठेवून राज्य करतो. त्रावणकोरच्या मार्तंड वर्मानेही १७५० साली आपले राज्य पद्मनाभस्वामींच्या चरणी वाहिले आणि पुढे त्या घराण्यातले राजे स्वतःला पद्मनाभदास म्हणवीत. राज्य आपले नव्हे, आपण केवळ विश्वस्त, ही कल्पना सुंदर आहे. प्रश्न एवढाच की, ती मनापासून मानली आहे की सोयीसाठी.

रिचर्डच्या बाबतीत इतिहासाने उत्तर देऊन ठेवले आहे. १३८१ साली जाचक डोईपट्टीविरुद्ध इंग्लंडातले शेतकरी उठले आणि लंडनवर चालून आले. चौदा वर्षांचा रिचर्ड घोड्यावर बसून त्यांच्यासमोर गेला. त्यांचा पुढारी वॉट टायलर तिथे राजाच्या माणसांकडून मारला गेला, तेव्हा खवळलेल्या जमावापुढे हा पोरगा एकटा पुढे झाला आणि त्यांचे नेतृत्व आपण करू म्हणाला. लोकांनी विश्वास ठेवला, ते घरी गेले. पुढे दिलेली सारी वचने मागे घेतली गेली आणि पुढाऱ्यांना फासावर चढवले गेले. देवाकडून विश्वस्त म्हणून राज्य घेणाऱ्याने ज्यांच्यासाठी ते घ्यायचे त्यांनाच फसवले. वय वाढले तशी त्याची हाव आणि सूडबुद्धीही वाढली. चुलतभाऊ हेन्री याला त्याने हद्दपार केले आणि त्याचा वारसा हडप केला. १३९९ मध्ये हेन्री परत आला. रिचर्डच्या बाजूने फारसे कोणी उभे राहिले नाही. त्याला गादी सोडावी लागली आणि १४०० सालच्या प्रारंभी पॉन्टिफ्रॅक्टच्या किल्ल्यात तो कैदेत मेला. उपासमारीने मेला असे मानतात. वय ३३. चित्रातले सोने तेव्हा नवेकोरे असेल.

हे कळल्यावर पुन्हा चित्राकडे पाहिले म्हणजे त्या उघड्या हातांचा तिसराच अर्थ मनात येतो. ते हात रिकामे आहेत.

राजा गेला, पण फळ्या राहिल्या, हेही एक आश्चर्यच. सोळाव्या शतकात इंग्लंडने धर्मपंथ बदलला आणि संतांची चित्रे व मूर्ती यांवर कुऱ्हाड चालली. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात उरल्यासुरल्यांचीही मोडतोड झाली. त्या काळची इंग्लंडातली फळीवरची भक्तिचित्रे आज बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. हे चित्र वाचले ते बहुधा लहान आणि मिटवून ठेवता येण्यासारखे होते म्हणून. १६३९ साली ते पहिल्या चार्ल्स राजाच्या संग्रहात असल्याची नोंद आहे. दहा वर्षांनी त्या राजाचा लोकांनी शिरच्छेद केला. चित्र तेथूनही निसटले. अठराव्या शतकात ते विल्टन हाउस नावाच्या सरदारी वाड्यात येऊन पोचले आणि त्या वाड्याचे नाव त्याला चिकटले. १९२९ मध्ये नॅशनल गॅलरीने ते विकत घेतले. एका माणसाने एकांतात उघडायचे म्हणून जे करवून घेतले, ते आज कोणीही फुकट पाहू शकतो. चित्रात ज्यांना जागा नव्हती त्या शेतकऱ्यांचे वंशज शाळेच्या सहलीबरोबर येतात आणि काचेला नाक लावतात. मला वाटते, राज्य देवाला देऊन परत घेण्याचा जो सोहळा राजाला साधला नाही, तो या फळ्यांनी आपल्यापुरता पुरा केला आहे.

निघताना पेटीच्या मागच्या अंगाने फिरून या. तिथली रंगकारी घासलेली आहे. ज्या बाजूला हात लागत, जी प्रवासात आदळे, ती ही बाजू. एका पाखावर राजचिन्हे आहेत, ती बरीच झिजली आहेत. दुसऱ्यावर मात्र तो पांढरा हरिण अजून आहे. आत प्रत्येकाच्या छातीवर मिरवणारा हरिण इथे एकटाच गवतावर बसला आहे. त्याच्या पाठीचे, मानेचे वळण इतके मृदू आहे की या चित्रकाराने जिवंत हरिण डोळे भरून पाहिला असलाच पाहिजे. हरणाजवळ मुकुट आहे. पण तो डोक्यावर नाही, गळ्यात आहे, आणि त्या मुकुटाला सोन्याची साखळी लावलेली आहे.